माधवराव जगले तर: एका पर्यायी इतिहास मॉडच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

विषय नक्की झाला. युरोपा युनिव्हर्सालिस ४ या संगणक खेळासाठी मॉड (खेळाच्या फाइली बदलून केलेली नवी आवृत्ती) करायचं, आणि इतिहास वळतो ती तारीख १८ नोव्हेंबर १७७२. त्या दिवशी थोरले माधवराव पेशवे थेऊरला क्षयाने वारले. वय अवघं सत्तावीस, पेशवाईची अकरा वर्षं, मूलबाळ नाही. माझ्या मॉडमध्ये त्यांचं जाणं आधीपासून ठरलेलं नसेल.

पानिपत का नाही, हे पहिल्यांदा कोणीही विचारेल. १४ जानेवारी १७६१ चा निकाल फाइलमध्ये उलटवणं सोपं आहे, पण त्या निकालामागे साचलेलं सगळं तसंच राहतं: रसद तुटलेली, सुरजमल जाट निघून गेलेला, शुजाउद्दौला अब्दालीच्या गोटात, छावणीत लढणाऱ्यांपेक्षा न लढणाऱ्यांचा भार मोठा. ही कारणं माणसांच्या निर्णयांतून आलेली आहेत. त्यातलं एक बदललं की दुसरं ओढलं जातं, आणि शेवटी आपण आपल्याला हवी ती लढाई लिहून बसतो. माधवरावांचा क्षय मात्र राजकारणाला विचारून आला नव्हता. तेवढा एकच धागा बदलून बाकी सगळं जसंच्या तसं ठेवता येतं. पर्यायी इतिहासाला इतकी स्वच्छ जागा क्वचित मिळते.

७ जानेवारी

इंजिनाबद्दलची एक गोष्ट आज नीट तपासली, आणि तिने सगळ्या आराखड्याची दिशाच ठरवली.

खेळाच्या हिस्टरी फोल्डरमध्ये प्रत्येक देशाची आणि प्रत्येक प्रॉव्हिन्सची (नकाशावरच्या प्रांताची) फाइल असते. त्यात तारीखवार नोंदी: अमक्या दिवशी राजा बदलला, तमक्या दिवशी मालक बदलला. १४४४ ते १८२१ मधल्या ज्या दिवशी तुम्ही खेळ सुरू कराल, त्या दिवसापर्यंतच्या नोंदी इंजिन वाचतं आणि पुढच्या सोडून देतं. म्हणजे जानेवारी १७७२ मध्ये खेळ सुरू केला तर नोव्हेंबरमधला मृत्यू खेळाच्या लेखी नाहीच. तिथून पुढे राजा कधी मरणार हे मुख्यतः वय बघून, शक्यतेच्या हिशोबाने ठरतं. सत्तावीस वर्षांचा राजा बहुतेक वेळा आरामात टिकतो.

म्हणजे 'माधवराव जगले तर' हे साध्या खेळातही घडतं, आणि त्यामुळे काहीच घडत नाही. चांगला राजा चांगलाच राहतो, नकाशावर एकच रंग पसरत जातो, संपलं. तेव्हा माझं काम उलट दिशेने सुरू होतं. आधी आजार खेळात आणायचा, मग त्यातून वाचण्याची वाट ठेवायची. ज्याच्या जाण्याची भीती नाही, त्याच्या असण्याला खेळात किंमत कुठून येणार?

११ जानेवारी

सुरुवातीची तारीख: ६ जानेवारी १७७२. या दिवशी बादशहा शाह आलम मराठी फौजांच्या आधाराने दिल्लीत परत आला. पानिपतानंतर अकरा वर्षांच्या आत मराठे पुन्हा दिल्लीत आहेत, उत्तरेत महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि विसाजी कृष्ण आहेत, रोहिला सरदार झाबेताखानावरची रोहिलखंडाची मोहीम तोंडावर आहे. दक्षिणेत हैदरअलीशी युद्ध चालू आहे. ते त्याच वर्षी तहाने संपलं. आणि हे सगळं ज्याच्या नावाने चाललंय तो माणूस अंथरुणाला खिळत चालला आहे. खेळाडूच्या हातात दहा महिने.

आणखी एक योग याच वर्षात आहे. अब्दाली ऑक्टोबर १७७२ मध्ये वारला. वायव्येचं मोठं संकट विरलं आणि महिन्याभरात पुण्याचा कर्ता माणूस गेला. मॉडमध्ये हे दोन इव्हेंट (खेळाडूसमोर उघडणारे प्रसंग) एकामागोमाग ठेवणार.

१५ जानेवारी

राजाचे गुण. खेळात प्रशासन, मुत्सद्देगिरी आणि लष्कर या तिन्हींना ० ते ६ अंक. माधवरावांना ६, ४, ५ दिले.

प्रशासनात ६ बद्दल वाद नाही. सोळाव्या वर्षी गादीवर आलेल्या मुलाने कर्जात बुडालेला आणि पानिपताने खचलेला कारभार उभा केला, आणि रामशास्त्र्यांसारख्या न्यायाधीशाचं ऐकून घेतलं. लष्करात ५: राक्षसभुवन (१० ऑगस्ट १७६३) आणि हैदरावरच्या मोहिमा. मुत्सद्देगिरीत मी बराच वेळ ५ आणि ४ मध्ये अडकलो होतो. आळेगावला १७६२ मध्ये चुलते रघुनाथराव यांच्यापुढे स्वतः जाऊन नमतं घेणं, आणि त्यातून पुढे सत्ता परत मिळवणं ही मोठ्या मुत्सद्द्याची चाल आहे. पण सरदारांशी वागताना त्यांची धार फार वेळा उघडी पडायची. ४ ठेवतो. तिन्हीकडे ६ दिले असते तर मॉड एका बैठकीत कंटाळवाणं झालं असतं, आणि माधवरावांवर अन्यायही झाला असता. त्यांचं मोठेपण अडचणींत दिसतं.

२३ जानेवारी

सरंजामी मांडलिक. मॉडचा कणा हाच, म्हणून सविस्तर लिहितो.

खेळात मांडलिकांचे प्रकार स्वतंत्र फाइलमध्ये ठरवता येतात. नेहमीचा मांडलिक खंडणी देतो, युद्धात सोबत येतो, आणि त्याची 'लिबर्टी डिझायर' (स्वतंत्र होण्याची ओढ) ५० च्या वर गेली की तो बेइमान धरला जातो. मराठी सरदाराचं नातं यापेक्षा वेगळं होतं. त्याला मुलूख दिला तो फौज ठेवण्यासाठी. त्या मुलखाचा हिशोब पुण्याला दाखवायचा, बोलावलं की पथकांसह हजर व्हायचं, बाप गेला की मुलाने नजराणा भरून वस्त्रं घ्यायची. तो परका राजा नव्हता आणि पगारी नोकरही नव्हता. हा मधला प्रकार खेळात तयार मिळत नाही.

म्हणून 'सरंजामी' नावाचा नवा प्रकार केला. खंडणी जवळजवळ शून्य, फौजेची मर्यादा मोठी. लिबर्टी डिझायर तीन गोष्टींवर हलते.

पहिली, पेशवा मोहिमेवर आहे का. स्वतः पेशवा फौज घेऊन निघाला की सगळ्यांची खाली येते. तो वाड्यात बसला की वर्षागणिक चढते. दुसरी, वारसाचे तंटे. तिसरी, हिशोबाची तपासणी: पुण्याहून दप्तराची माणसं पाठवली की खजिन्यात पैसा येतो आणि सरदार चिडतो.

आता हे आजाराशी जोडलं. राजा स्वतः सेनापती आहे का, हे तपासणारा ट्रिगर (अट) इंजिनात आहे. दर वर्षाच्या पल्सला (इंजिन वर्षातून एकदा आपोआप देतं त्या ठोक्याला) एक छुपा इव्हेंट चालतो आणि आजाराचं व्हेरिएबल, म्हणजे आजार मोजणारा आकडा, वर किंवा खाली नेतो. मोहिमेवर असाल तर वर, विश्रांतीत असाल तर खाली. म्हणजे जी गोष्ट माधवरावांना जगवते तीच सरदारांना सैल सोडते, आणि जी सरदारांना बांधून ठेवते ती माधवरावांना संपवते. १७७० मध्ये कर्नाटकाच्या मोहिमेतून आजारामुळे परत फिरून सूत्रं त्रिंबकराव पेठ्यांकडे द्यावी लागली, तेव्हा हाच पेच प्रत्यक्षात पडला होता. त्रिंबकरावांनी पुढच्या वर्षी मोती तलावावर हैदराला मोडला. म्हणजे विश्वासाचा सेनापती असेल तर पेशव्याला घरी राहता येतं. ही तिसरी वाट खेळाडूला सापडली पाहिजे, आणि ती टूलटिपमध्ये सांगायची नाही.

२६ जानेवारी

वर्षाच्या पल्सला आजार फार ठोकळेबाज चालतो. दहा महिन्यांत एकच पाऊल पडतं. पहिल्या वर्षापुरते स्वतंत्र इव्हेंट तारखेवर बांधले, पुढे पल्स.

२ फेब्रुवारी

नागपूरचा इव्हेंट लिहिला. जानोजी भोसले मे १७७२ मध्ये वारले. दत्तक रघुजी लहान, त्याचा जन्मदाता मुधोजी एका बाजूला, दुसरा भाऊ साबाजी दुसऱ्या बाजूला. खऱ्या इतिहासात हा तंटा चिघळत गेला आणि १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत साबाजी मारले गेले. पुण्यात तोवर स्वतःच्याच घराला आग लागलेली, निवाडा करणार कोण? माधवराव असते तर हा निवाडा त्यांच्याकडे आला असता. म्हणून मॉडमधला पहिला मोठा निर्णय हाच. मजकूर असा:

'श्रीमंत, नागपुराहून जासूद आले. जानोजीबावांना देवाज्ञा झाली. मुधोजीबावा म्हणतात, दत्तविधान आपल्या संमतीचे, सेनासाहेब सुभ्याची वस्त्रे चिरंजीव रघुजींस व्हावीत. साबाजीबावांची माणसे त्याच वाटेने येत आहेत; दौलत सांभाळण्यास जाणता माणूस पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. दोन्हीकडे पथके जमा होत आहेत. आज्ञा व्हावी.'

पर्याय तीन. रघुजींना वस्त्रं द्या: मुधोजी बांधले जातात, साबाजी निजामाकडे बघू लागतात. साबाजींना द्या: उलट. दोघांनाही पुण्यास बोलवा: यात श्रीमंतांचा दरारा मोजला जातो. लष्कराचा गुण ५ आहे, पण आजाराचं व्हेरिएबल वर असेल तर कोणीच येत नाही, निरोपावर निरोप येत राहतात. हा तिसरा पर्याय लिहिताना मला वाटलं की मॉड आता खरोखर उभं राहतंय. आजारी राजाचा हुकूम आणि धडधाकट राजाचा हुकूम एकच शब्द असून वेगळा ऐकला जातो, हे अंकांत उतरलं.

गायकवाडांचा इव्हेंट याच साच्यात: दमाजी १७६८ मध्ये गेले, गोविंदराव की सयाजीराव हा वाद, १७७१ मध्ये सयाजीरावांना मान्यता आणि फत्तेसिंगांकडे मुतालिकी (त्यांच्या वतीने कारभार). आपली सुरुवात त्यानंतरची, म्हणून फक्त कुरबुर उरते.

९ फेब्रुवारी

इंग्रज. मूळ खेळात त्यांचा हिंदुस्थानातला मुलूख ग्रेट ब्रिटनच्या नावावर चढतो. तसं ठेवलं तर लंडनचा सगळा खजिना आणि सगळं आरमार मुंबईच्या मागे उभं राहतं. १७७२ साली वस्तुस्थिती अशी नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीला नवा टॅग (खेळातली देशाची स्वतंत्र ओळख) देऊन ब्रिटनचा मांडलिक केलं.

कंपनी तेव्हा कशी होती ते बघा. १७६५ मध्ये बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी मिळाली. १७७० च्या दुष्काळाने बंगाल उद्ध्वस्त झाला. १७७२ मध्ये कंपनी पैशासाठी सरकारच्या दारात उभी होती आणि १७७३ मध्ये १४ लाख पौंडांचं कर्ज व रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट एकत्रच तिच्या गळ्यात पडले. मराठ्यांचा कर्ता माणूस नेमका कंपनीच्या सर्वांत दुबळ्या वर्षी गेला. पर्यायी इतिहास लिहिणाऱ्याने या एका गोष्टीकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावं असं मला वाटतं.

दुसरं, मुंबई आणि कलकत्ता एक नव्हते. मुंबईकरांनी मार्च १७७५ मध्ये रघुनाथरावांशी सुरतेचा तह स्वतःच्या हिमतीवर केला. कलकत्त्याने तो झिडकारून १७७६ मध्ये पुरंदरचा केला. मॉडमध्ये मुंबईला वेगळा टॅग दिला नाही, त्याऐवजी कंपनीवर एक कंट्री फ्लॅग (देशावर लावायची खूण) आहे: 'मुंबईची आगळीक'. तो लागला की साष्टी आणि वसईसाठी एआय धडपडतो, आणि काही महिन्यांनी कलकत्ता त्याचे कान धरण्याची शक्यता असते. या फटीत खेळाडूने काय करायचं ते त्याचं.

१४ फेब्रुवारी

लिपी. खेळाचे फॉन्ट बिटमॅप आहेत, अक्षरांची जुळणी होत नाही. जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी बसते. इव्हेंटचा मजकूर मी मराठीतच लिहितोय, खेळात तो इंग्रजीतून जाईल, आणि मराठी पाठ मॉडबरोबर वेगळ्या पुस्तिकेत देईन. लोकलायझेशनची (खेळातल्या मजकुराची) फाइल बॉमसह (सुरुवातीच्या खुणेसह) यूटीएफ-८ मध्येच साठवायची.

२२ फेब्रुवारी

ऑब्झर्व्ह कमांड देऊन खेळ एआयच्या हवाली केला आणि १८०० पर्यंत चालू दिला. बऱ्याच वेळा केलं.

जवळजवळ दर वेळी मराठे बरे झालेल्या माधवरावांसह १७९० च्या आत हैदराबाद आणि म्हैसूर गिळतात. मन सुखावतं, पण हे खोटं आहे. निजामावर राक्षसभुवनला एवढा मोठा विजय मिळाला तरी माधवरावांनी त्याचं राज्य बुडवलं नाही. मुलूख घेतला, पुढे त्याच्याशी जुळवूनही घेतलं. हैदराकडूनही मुलूख आणि खंडणी घेतली. कारण जिंकलेला मुलूख सांभाळायला पैसा लागतो आणि तो सावकाराकडून येतो.

उपाय म्हणून युद्धातले अंक कमी करणं सोपं होतं. मी ते करणार नाही. मराठी फौज दुबळी नव्हती, तिचं गणित पैशावर अडत होतं.

२७ फेब्रुवारी

कर्ज. सुरुवातीच्या छुप्या इव्हेंटमधून खजिन्यावर मोठी कर्जं चढवली. नानासाहेबांच्या वेळची देणी, त्यावर पानिपत, त्यावर कर्नाटकाच्या मोहिमा. माधवरावांनी मृत्यूपूर्वी लिहून ठेवलेल्या कलमांतही कर्जफेडीचा विषय आहे. जाता जाता माणूस हिशोब सांगतोय, हे वाचलं की मला त्यांच्याबद्दलचा आदर नव्याने वाटतो.

सावकार ही नवी इस्टेट (खेळातला राज्यातला एक वर्ग). तिची निष्ठा कमी झाली की व्याज वाढतं. चौथ म्हणजे चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे दहावा, या दोन्ही शेजाऱ्यांकडून तहात मागता येतात. मुलूख घेण्याऐवजी चौथ घेतली तर सावकार खूश, सरदार नाराज, कारण सरदाराला नवा सरंजाम हवा असतो. एआयला इथे चौथेकडे झुकवलं. परत चालवून बघितलं. आता निजाम टिकतो, म्हैसूर आक्रसतं पण उरतं, आणि मराठ्यांचा नकाशा खऱ्या नकाशासारखा भोकाभोकांचा दिसतो.

८ मार्च

रघुनाथराव, म्हणजे दादासाहेब. धोडपला १७६८ मध्ये माधवरावांकडून हरल्यापासून शनिवारवाड्यात नजरकैदेत. त्यांना खलनायक करायचं नाही हे पहिल्यापासून पक्कं. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या त्या मोहिमेचे सेनापती तेच. लढाईत शूर, पैशात बेहिशोबी, सत्तेचा हव्यास न सुटणारा. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत यांच्यासारखी माणसं त्यांच्यामागे उगाच उभी राहिली नव्हती.

तीन वाटा ठेवल्या: कैदेत ठेवा, जहागीर देऊन लांब बसवा, किंवा उत्तरेची फौज द्या. तिसरी वाट घेतली तर मोठा सेनापती मिळतो आणि माधवरावांना विश्रांती घेता येते, म्हणजे आजार हटतो. पण महादजी आणि दादासाहेब एकाच प्रांतात आले की काय होईल हे सांगायला नको.

माधवराव गेलेच तर नारायणराव गादीवर येतात. ३० ऑगस्ट १७७३ चा त्यांचा खून ठरलेला नाही; दादासाहेब असंतुष्ट आणि गारद्यांचा पगार थकलेला असे दोन्ही फ्लॅग असतील तरच तो इव्हेंट उघडतो. एक मुद्दा इंजिनाचा: वारस पंधरा वर्षांचा होईपर्यंत रीजन्सी (त्याच्या वतीने इतरांचा कारभार) असते आणि रीजन्सीला स्वतःहून युद्ध पुकारता येत नाही. नारायणराव सतरा वर्षांचे, त्यांना हा नियम लागत नाही. नारायणरावांच्या खुनानंतर बारभाई कारभार चालवतात त्या फाट्यात लागतो, पण तिथे युद्ध कंपनीच आणते, तेव्हा अडत नाही.

सवाई माधवराव १८ एप्रिल १७७४ ला जन्मले. इतिहास १७७२ ला वळला तर ते मूल जन्मेलच असं धरता येत नाही. माधवराव जगलेल्या फाट्यात नारायणरावांना मूल होतं, पण नाव आणि गुण इंजिन ठरवेल.

१९ मार्च

छत्रपती. टॅगचा राजा पेशवा आहे, मग सातारा कुठे? वैधतेचा ० ते १०० चा आकडा साताऱ्याशी बांधला. नव्या पेशव्याला वस्त्रं मिळेपर्यंत तो निम्म्यावर राहतो. लहान काम, पण हे नसतं तर मॉड अर्धवट वाटलं असतं.

५ एप्रिल

एका मित्राला खेळायला दिलं. आधी काही सांगितलं नाही.

त्याने माधवरावांना पहिल्याच वर्षी थेऊरला बसवलं, त्रिंबकरावांना कर्नाटकात ठेवलं, आणि आजार हटवला. मग दहा वर्षं काहीही न जिंकता तो हिशोब तपासत बसला: दप्तराची माणसं नागपूरला, बडोद्याला, इंदूरला. प्रत्येक वेळी सरदार चिडले, प्रत्येक वेळी त्याने जुनं देणं माफ करून समजूत घातली. अहिल्याबाईंच्या इंदूरने सर्वांत कमी त्रास दिला. होळकरांचे गुण लिहिताना मी तेच मनात धरलं होतं, म्हणून ते बघून आनंद झाला. १७८१ मध्ये माधवराव मोहिमेत वारले. नारायणराव आले, दोन सरदार हलले, बाकीचे जागेवर राहिले. कंपनीने नागपूरच्या स्वातंत्र्याला पाठिंबा दिला, पण नागपूर तयार झालं नाही.

मला हवं होतं ते हेच. माधवरावांना आणखी नऊ वर्षं मिळाली, आणि त्या वेळात एका माणसाच्या दराऱ्यावर चाललेला कारभार दप्तरावर आला. उलट खेळून मी स्वतः बघितलं: माधवरावांना तीस वर्षं जगवलं, दर साल मोहिमा, सगळं जिंकलं, हिशोब एकदाही तपासला नाही. ते गेले त्या वर्षी चार टॅग फुटून निघाले. दोन्ही खेळांची सेव्ह फाइल मॉडसोबत देणार आहे.

१२ एप्रिल

खेळाची शेवटची तारीख डिफाइन्समध्ये (खेळाचे मूळ नियम ठरवणाऱ्या फाइलमध्ये) बदलून ३१ डिसेंबर १८०२ केली. दुसऱ्या बाजीरावांनी वसईचा तह केला तो दिवस. त्या दिवशी शेवटचा इव्हेंट उघडतो आणि पाच गोष्टी सांगतो: किती सरदार पुण्याशी बांधलेले आहेत, कर्ज किती, दिल्लीत कोणाचा शब्द चालतो, साष्टी कोणाकडे, कंपनीची तैनाती फौज कोणाच्या दारात उभी आहे. जिंकलात किंवा हरलात असं तो म्हणत नाही. खेळाडूने वसईच्या तहाची कलमं समोर ठेवून ताडून बघावं.

१८ एप्रिल

एरर लॉग स्वच्छ. १२८ बाय १२८ चे ध्वज बसले. पहिली आवृत्ती आज अपलोड केली.

आंग्र्यांचा फाटा यात नाही. १७५६ मध्ये नानासाहेबांनी इंग्रजांच्या मदतीने विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचं आरमार मोडलं. सोळा वर्षांनंतर माधवरावांना ते परत उभारता आलं असतं का, याला आरमाराचा खर्च, लाकूड, खलाशी आणि मुंबईचं बंदर असं सगळं नव्याने मांडावं लागेल. दुसऱ्या आवृत्तीत तेच पहिलं काम. कोकण किनाऱ्याच्या प्रॉव्हिन्स फाइल उद्यापासून उघडतोय.